घडून गेलेल्या गोष्टीचा अंदाज इंग्रजीत कसा लिहावा?

व्यापारी माणूस दिवसभर अंदाज करीत असतो. गाठ उघडली आणि ताका दोन मीटर कमी भरला, तर मोजणाऱ्याकडून चूक झाली असेल असे आपण म्हणतो. एकाच बिलातील दोन ताक्यांचा रंग वेगळा दिसला, तर ते निरनिराळ्या लॉटमध्ये रंगवले असणार असे म्हणतो. यातले काहीही आपण डोळ्यांनी पाहिलेले नसते. समोरच्या खुणा पाहून मागे काय घडले ते आपण ठरवतो. मराठीत किंवा उर्दूत हे बोलताना आपली जीभ कधी अडखळत नाही. पण हेच इंग्रजी पत्रात लिहायची वेळ आली की लेखणी घसरते, आणि त्या घसरण्याची किंमत रोख मोजावी लागते. आम्ही ती मोजलेली आहे. म्हणून या धड्याची सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

आमची चूक

१९९७ च्या पावसाळ्यातील गोष्ट. आम्ही भिवंडीहून चेन्नईच्या एका व्यापाऱ्याला ग्रे कापडाच्या बारा गाठी पाठवल्या. आमच्या नेहमीच्या हुंडेकऱ्याच्या गाड्या त्या आठवड्यात निघत नव्हत्या, म्हणून माल दुसऱ्याच्या गाडीने पाठवावा लागला. बारापैकी चार गाठी भिजलेल्या पोचल्या. समोरच्या पार्टीने विचारले, गाडी का बदलली?

त्यांना मराठी-उर्दू येत नव्हती आणि आम्हाला तमिळ येत नव्हती. सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत चाले. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झालेले. इंग्रजी हा पाचवीपासूनचा एक विषय, एवढीच त्या भाषेशी ओळख. ‘मस्ट’ म्हणजे ‘लागते, पाहिजे’ हे आम्हाला पाठ होते. ‘हॅव’च्या पुढे क्रियापदाचे तिसरे रूप ठेवले की झालेली गोष्ट सांगता येते, हेही पाठ होते. आम्ही दोन्ही जोडले आणि लिहिले, ‘वुई मस्ट हॅव सेन्ट द गुड्स बाय अनदर ट्रान्सपोर्ट.’ आमच्या मनातला अर्थ होता, ‘आम्हाला माल दुसऱ्या गाडीने पाठवावा लागला.’

आठ दिवसांनी उत्तर आले. त्याचा मतलब असा : माल कोणत्या गाडीने पाठवला हेच तुम्हाला नक्की ठाऊक नाही, मग तो तुमच्या गोदामातून कोरडा निघाला हे तुम्ही कशाच्या जोरावर सांगता? शेवटी एक वाक्य होते, ‘वॉटर मस्ट हॅव एन्टर्ड द बेल्स इन युवर गोडाऊन.’ आणि बिलातून अठरा हजार रुपये कापले होते.

आम्ही भडकलो. ‘मस्ट’ शब्द पाहून वाटले, हे लोक आमच्यावर छातीठोक आरोप करीत आहेत. त्याच रात्री आम्ही एक कडक जबाब लिहून काढला. तो टपालात पडण्याआधी अब्बांनी आम्हाला मोहल्ल्यातील एका बुजुर्गांकडे नेले. त्यांची उभी हयात एका गिरणीच्या कचेरीत इंग्रजी पत्रे लिहिण्यात गेली होती. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी दोन्ही पत्रे वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘बेटा, जिसने देखा है वो मस्ट हॅव नहीं लिखता.’

त्या एका वाक्यात अर्धा धडा आहे. उरलेला अर्धा त्यांनी पुढच्या दोन-तीन बैठकींत शिकवला. तोच आमच्या व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहोत.

‘लागले’ वेगळे, ‘असणार’ वेगळे

‘मस्ट’ची कामे दोन. एक सक्तीचे : ‘यू मस्ट पे’, म्हणजे तुम्ही पैसे भरलेच पाहिजेत. दुसरे खात्रीच्या अंदाजाचे : ‘ही मस्ट बी इन द शॉप’, म्हणजे तो दुकानात असणार. आजच्या गोष्टीत एकच शब्द दोन्ही कामे करतो. पण गोष्ट मागे गेली की दोन वाटा फुटतात.

सक्ती मागे गेली तर ‘हॅड टु’ येते. ‘वुई हॅड टु पे’ म्हणजे आम्हाला पैसे भरावे लागले. अंदाज मागे गेला तर ‘मस्ट हॅव’ येते. ‘वुई मस्ट हॅव पेड’ म्हणजे आम्ही पैसे भरले असणार. आठवत नाही, पण वही पाहता तसे वाटते. ‘मस्ट हॅव’मध्ये ‘करावे लागले’ हा अर्थ येत नाही. आमचे अठरा हजार या एका फरकात अडकले. आम्हाला ‘वुई हॅड टु सेन्ड’ लिहायचे होते.

वाचकांनी एक सोपी कसोटी लक्षात ठेवावी. मनातल्या मराठी वाक्यात ‘लागले’ असेल तर ‘हॅड टु’, ‘असणार’ असेल तर ‘मस्ट हॅव’.

‘मस्ट हॅव’ ही साक्ष नव्हे

दुसरी गोष्ट याहून मोलाची आहे. ‘मस्ट हॅव’ ऐकायला भारदस्त वाटते. पण साध्या भूतकाळाच्या तुलनेत ते कमजोर आहे. ‘वॉटर एन्टर्ड द बेल्स’ असे लिहिणारा म्हणतो, पाणी शिरले, मला ठाऊक आहे. ‘वॉटर मस्ट हॅव एन्टर्ड’ असे लिहिणारा म्हणतो, मी पाहिले नाही, पण मला दुसरे कारण दिसत नाही. म्हणजे ‘मस्ट हॅव’मध्ये न पाहिल्याची कबुली दडलेली असते.

मराठीतही असेच आहे. ‘शेठ गावाला गेले’ आणि ‘शेठ गावाला गेले असणार’ यांत जास्त भरवशाचे वाक्य कोणते? पहिलेच. ‘असणार’ जोडले की ऐकणाऱ्याला कळते, याने शेठना जाताना पाहिलेले नाही.

म्हणून समोरच्याच्या पत्रात ‘मस्ट हॅव’ दिसले तर भडकू नये. त्याला त्याच्या अंदाजाचा आधार विचारावा. आणि आपल्याला जे ठाऊक आहे, ते आपण ‘मस्ट हॅव’ने लिहू नये. माल आपण स्वतः रवाना केला असेल तर ‘वुई सेन्ट’ हेच लिहावे. ‘वुई मस्ट हॅव सेन्ट’ लिहिले की आपल्या हातातील पक्की गोष्ट आपणच कच्ची करतो.

खात्रीच्या पायऱ्या

उर्दू शाळेत शिकलेल्यांना माजी म्हणजे भूतकाळाचे प्रकार आठवत असतील. त्यांतला माजी शक्किया हा अंदाजाचा : ‘उसने भेजा होगा.’ या एका ‘होगा’मध्ये पक्का अंदाज येतो आणि कच्चाही. फरक बोलणाऱ्याच्या आवाजात असतो, नाहीतर ‘ज़रूर’ किंवा ‘शायद’ जोडून दाखवला जातो. मराठी जरा बारीक तोलते. ‘पाठवला असणार’, ‘पाठवला असावा’, ‘पाठवला असेल’ अशा तीन पायऱ्या मराठीत आहेत. पत्रात आवाज नसतो. त्यामुळे इंग्रजीत शब्द बदलूनच पायरी दाखवावी लागते.

पहिली पायरी : मस्ट हॅव. दुसरे काही संभवत नाही अशी खात्री. ‘दे मस्ट हॅव सेन्ट द पार्सल’, त्यांनी पार्सल पाठवले असणार.

दुसरी पायरी : विल हॅव. नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे झाले असेल असा शांत भरवसा. ‘द गुड्स विल हॅव रीच्ड यू बाय नाऊ’, एव्हाना माल आपल्याकडे पोचला असेल. पत्रात हे वाक्य नम्र वाटते.

तिसरी पायरी : मे हॅव. झाले असेल, नसेलही. ‘दे मे हॅव सेन्ट द पार्सल’, त्यांनी पार्सल पाठवले असेल, सांगता येत नाही.

चौथी पायरी : माइट हॅव आणि कुड हॅव. शक्यता आहे, पण आम्ही तिच्यावर पैज लावणार नाही. आजच्या इंग्रजीत ‘मे हॅव’ व ‘माइट हॅव’ यांतील अंतर फार थोडे राहिले आहे, तरी ‘माइट’ थोडे हलके समजतात.

पाचवी पायरी नकाराची : कान्ट हॅव किंवा कुडन्ट हॅव. तसे झाले असणे शक्यच नाही. ‘दे कान्ट हॅव सेन्ट द पार्सल’, त्यांनी पार्सल पाठवले असणे शक्य नाही.

येथे आपल्या लोकांची एक सवय सांगायला हवी. ‘होगा’ किंवा ‘असेल’ दिसले की आपण ‘वुड हॅव’ लिहितो : ‘द गुड्स वुड हॅव रीच्ड यू.’ परदेशी वाचणारा ‘वुड हॅव’ पाहून पुढे ‘जर’ शोधू लागतो. त्याला वाटते, ‘माल पोचला असता’, पण काहीतरी आडवे आले. आणि तो घाबरून विचारतो, मालाचे काय झाले? मनात ‘पोचला असेल’ असेल तर ‘विल हॅव’ किंवा ‘मे हॅव’ लिहावे. ‘पोचला असता’ असेल तेव्हाच ‘वुड हॅव’.

रचना

रचना सोपी आहे. मस्ट, मे, माइट, कुड, कान्ट यांपैकी एक शब्द, मग ‘हॅव’, मग क्रियापदाचे तिसरे रूप. कर्ता कोणीही असो, ‘हॅव’ बदलत नाही. आमच्या नजरेस नेहमी पडणाऱ्या चुका अशा :

‘ही मस्ट हॅज सेन्ट’ हे चूक. ‘तो’ असला तरी ‘मस्ट हॅव’च.

‘ही मस्ट हॅड सेन्ट’ हे चूक. गोष्ट जुनी असली तरी ‘हॅड’ येत नाही.

‘ही मस्ट हॅव वेन्ट’ हे चूक. ‘वेन्ट’ दुसरे रूप आहे. येथे तिसरे लागते, ‘मस्ट हॅव गॉन’.

‘ही कॅन हॅव सेन्ट’ हेही चूक. होकारात ‘कॅन हॅव’ चालत नाही. शक्यता सांगायची तर मे, माइट किंवा कुड.

टेलिफोनवर हे ‘हॅव’ फार आखूड होते. ‘मस्ट हॅव’ हे ‘मस्टव्ह’ असे ऐकू येते. आपण ‘मस्ट’ ऐकतो, ‘हॅव’ निसटते, आणि सक्तीचा अर्थ घेतो. फोनवरचा सौदा लिहून घेताना शंका आली तर पुन्हा विचारून घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

नकार करताना सांभाळा

‘मस्ट हॅव’च्या उलट टोकाला ‘कान्ट हॅव’ आहे. अमेरिकेतील लोक ‘मस्ट नॉट हॅव’ही लिहितात. ‘दे मस्ट नॉट हॅव रिसीव्ड इट’ म्हणजे त्यांना ते मिळालेले नसणार. ती बंदी नव्हे.

‘मे नॉट हॅव’ आणि ‘कुड नॉट हॅव’ ही जोडी फसवी आहे. होकारात ‘मे हॅव’ आणि ‘कुड हॅव’ एकमेकांच्या शेजारी बसतात. नकारात त्यांच्यामध्ये दरी पडते. ‘यू मे नॉट हॅव रिसीव्ड अवर लेटर’ म्हणजे आपल्याला आमचे पत्र मिळाले नसेल. वसुलीच्या आठवणपत्राची याहून सभ्य सुरुवात नाही. समोरच्याची अब्रू राखली जाते आणि आपला तगादाही होतो. उलट ‘यू कुड नॉट हॅव चेक्ड द गुड्स’ म्हणजे तुम्ही माल तपासलेला असणे शक्यच नाही. हा सरळ ठपका झाला. ‘तपासला नसेल’ एवढेच म्हणायचे होते तर येथेही ‘मे नॉट हॅव’च हवे होते.

माणसाऐवजी माल पुढे करा

चाचांनी आम्हाला एक गिरणीतली युक्ती शिकवली. नुकसानीच्या पत्रात वाक्याच्या सुरुवातीला माणूस ठेवू नका, माल ठेवा. ‘यू मस्ट हॅव ओपन्ड द बेल’ म्हणजे तुम्हीच गाठ उघडली असणार. ‘द बेल मस्ट हॅव बीन ओपन्ड ऑन द वे’ म्हणजे गाठ वाटेत उघडली गेली असणार. अंदाज तोच, पण कोणाचे नाव घेतलेले नाही. यासाठी ‘हॅव’नंतर ‘बीन’ आणि मग तिसरे रूप लिहावे. ज्याने कृती केली त्याचे नाव आपल्याला ठाऊकच नसते, तेव्हा ही रचना सभ्य तर आहेच, शिवाय खरीही आहे.

काही गोष्टी एका क्षणात होत नाहीत, बराच वेळ चालतात. त्यांसाठी ‘हॅव बीन’नंतर ‘इंग’चे रूप येते. समजा, भिजलेल्या गाठीच्या लोखंडी पट्टीचा गंज कापडाच्या घडीपर्यंत उतरला आहे आणि बारदानाला बुरशीचा वास येतो आहे. गंज आणि बुरशी तासाभरात धरत नाहीत. तेव्हा ‘द बेल मस्ट हॅव बीन लाइंग वेट फॉर मेनी डेज’, गाठ बरेच दिवस ओली पडून असणार. हा अंदाज दाव्यात फार उपयोगी पडतो, कारण काल रात्रीच्या पावसावर ढकलणाऱ्याला तो जागेवर अडवतो.

‘शुड हॅव’ आणि वाया गेलेली संधी

‘यू शुड हॅव इन्फॉर्म्ड अस’ म्हणजे तुम्ही आम्हाला कळवायला हवे होते, पण कळवले नाही. ही तक्रार आहे, अंदाज नव्हे. मात्र ‘द गुड्स शुड हॅव रीच्ड यू ऑन मंडे’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात : माल सोमवारी पोचला असेल असा आमचा हिशेब आहे, किंवा सोमवारी पोचायला हवा होता पण पोचला नाही. वायद्याच्या पत्रात असे दुहेरी वाक्य ठेवू नये.

‘कुड हॅव’लाही दोन चेहरे आहेत. ‘द ड्रायव्हर कुड हॅव टेकन अनदर रोड’ म्हणजे ड्रायव्हरने दुसरा रस्ता घेतला असण्याची शक्यता आहे, किंवा त्याला दुसरा रस्ता घेता आला असता पण त्याने घेतला नाही. पहिला अर्थ हवा असेल तर ‘मे हॅव’ लिहून मोकळे व्हावे.

जे घडता घडता टळले, त्यासाठी जाणकार ‘माइट हॅव’ वापरतात. ‘इफ वुई हॅड नॉट ओपन्ड द बेल्स, द होल लॉट माइट हॅव रॉटेड’, आम्ही गाठी उघडल्या नसत्या तर सगळा लॉट कुजला असता. येथे ‘मे हॅव’ टाळावे.

खूण आधी, अंदाज मागून

आता कामाची गोष्ट. दाव्याच्या पत्रात तीन थर असावेत : जे पाहिले ते, त्यावरून जे निघते ते, आणि जे फक्त शक्य आहे ते. पहिला थर साध्या भूतकाळात, दुसरा ‘मस्ट हॅव’ किंवा ‘कान्ट हॅव’मध्ये, तिसरा ‘मे हॅव’मध्ये.

समुद्रमार्गे गेलेल्या मालाचे उदाहरण घ्या. कापड भिजले. पाणी समुद्राचे की पावसाचे, यावर दावा अडतो. सर्व्हेअर ओल्या जागेवर सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण टाकून पाहतो. समुद्राच्या पाण्यात क्लोराइडचे क्षार भरपूर असतात. ते असतील तर दुधासारखा पांढरा साका दिसतो. साका नसेल तर ‘इट कान्ट हॅव बीन सी वॉटर’ असे म्हणायला आधार मिळतो. पण साका दिसला म्हणून लगेच ‘मस्ट हॅव’ लिहावे काय? कोऱ्या कापडाच्या कांजीतही क्लोराइडचे क्षार असू शकतात. म्हणून त्याच लॉटमधील कोरड्या ताक्यावर तीच परीक्षा करतात. कोरडा ताका साफ निघाला आणि ओला पांढरा झाला, तर ‘मस्ट हॅव बीन सी वॉटर’कडे जाता येते. दोन्ही पांढरे झाले तर ‘मे हॅव बीन’वरच थांबावे. एका परीक्षेने लेखणीतला शब्द कसा बदलतो ते पाहावे. सर्व्हेअरच्या अहवालात ‘अपिअर्स टु हॅव बीन डॅमेज्ड’ असेही वाचायला मिळते. त्याचा अर्थ नुकसान झालेले दिसते. हीसुद्धा राखून केलेली भाषा आहे.

अंदाजाला कायदाही मानतो, पण जपून. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ११४ सांगत असे की, व्यवहाराचा नेहमीचा क्रम पाहून न्यायालय एखादी गोष्ट घडली असावी असे गृहीत धरू शकते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ आला आणि हीच तरतूद त्याच्या कलम ११९ मध्ये आहे. पत्र टपालात टाकल्याचे सिद्ध झाले तर ते पोचले असणार असे न्यायालय मानू शकते. मात्र त्या दिवसांत गडबडीमुळे टपालच बंद होते असे समोर आले, तर तेही विचारात घ्यावे लागते. म्हणजे ‘मस्ट हॅव’ तेथेही उलटवता येते. पावती जपणारा जिंकतो तो यामुळे.

रस्त्याने गेलेल्या मालाबाबत १८६५ चा जुना कायदा जाऊन रस्ता वाहतुकीचा २००७ चा कायदा आला, तो १ मार्च २०११ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणे, माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला नुकसानीची लेखी नोटीस दिली नसेल तर पुढे दावा लावता येत नाही. ही नोटीस पुष्कळदा इंग्रजीत लिहिली जाते. तीत ‘गाठी कोरड्या होत्या’ हे ‘वेअर ड्राय’ असेच लिहावे. ‘मस्ट हॅव बीन ड्राय’ लिहिले तर समोरचा वकील विचारील, म्हणजे तुम्ही पाहिल्या नव्हत्या?

आमच्या पत्राचे काय झाले?

चाचांनी आमचा कडक जबाब फाडला नाही. घडी करून आमच्याच खिशात ठेवला. मग विचारले, गोदामाचे पत्रे गळतात काय? आम्ही जाऊन पाहिले. त्याच थप्पीतील मागे राहिलेल्या गाठी कोरड्या होत्या. बिल्टी काढली. माल चढवताना हुंडेकऱ्याने बारदान ओले असल्याचा कोणताही शेरा मारलेला नव्हता. तेव्हा त्यांनी लिहून घेतले :

‘वुई हॅड टु सेन्ड द गुड्स बाय अनदर ट्रान्सपोर्ट. द अदर बेल्स फ्रॉम द सेम स्टॅक आर ड्राय. द रिसीट बेअर्स नो रिमार्क अबाउट वेट पॅकिंग. द वॉटर कान्ट हॅव एन्टर्ड इन अवर गोडाऊन. इट मस्ट हॅव एन्टर्ड ऑन द वे. द टारपॉलिन मे हॅव बीन टॉर्न.’

आम्ही म्हणालो, ताडपत्री फाटलीच असणार, येथेही ‘मस्ट’ लिहू या. चाचा म्हणाले, ‘ताडपत्री तू पाहिलीस काय? कदाचित ती नीट बांधली नसेल. जेवढा आधार तेवढाच शब्द.’ पत्राच्या शेवटी त्यांनी एक प्रश्न घातला : गाठींची कोणती बाजू भिजली होती ते कृपया कळवावे.

उत्तर आले, वरची बाजू. तळ कोरडा होता. म्हणजे जमिनीवरचे पाणी नव्हे, वरून पडलेले पाणी. गोदामाचा आणि बिल्टीचा पुरावा त्याला जोडून पाहता पार्टीने मान्य केले की पाणी वाटेतच शिरले असणार. कापलेल्या अठरापैकी नऊ हजार परत आले. उरलेल्या नऊंबद्दल त्यांनी लिहिले की, तुमच्या पहिल्या पत्रात तुम्हालाच खात्री नव्हती, आणि ते पत्र आमच्या फायलीत आहे. त्यावर आमच्याजवळ जबाब नव्हता. पण खाते तुटले नाही. पुढे कित्येक वर्षे त्या पार्टीशी आमचा धंदा चालला. तो कडक जबाब गेला असता तर चालला नसता. तो कागद आम्ही अजून जपून ठेवला आहे.

सराव

खालील वाक्ये वाचकांनी आधी स्वतः इंग्रजीत करून पाहावीत.

१) दलालाने आमचा नमुना आपल्याला दाखवला नसेल.
२) हे दोन ताके निरनिराळ्या लॉटमध्ये रंगवले गेले असणार.
३) त्या दिवशी बँक बंद होती, त्यांनी काउंटरवर चेक भरला असणे शक्य नाही.
४) वीज नव्हती म्हणून आम्हाला माग बंद ठेवावे लागले.
५) आपण आम्हाला आधी कळवायला हवे होते.
६) एव्हाना आपल्याला आमचे बिल मिळाले असेल.

उत्तरे :

१) द ब्रोकर मे नॉट हॅव शोन यू अवर सॅम्पल.
२) दीज टू पीसेस मस्ट हॅव बीन डाइड इन डिफरन्ट लॉट्स.
३) द बँक वॉज क्लोज्ड ऑन दॅट डे, दे कान्ट हॅव डिपॉझिटेड द चेक ॲट द काउंटर.
४) देअर वॉज नो पॉवर, सो वुई हॅड टु स्टॉप द लूम्स.
५) यू शुड हॅव इन्फॉर्म्ड अस अर्लिअर.
६) यू विल हॅव रिसीव्ड अवर बिल बाय नाऊ.

चौथ्या वाक्यात ज्यांनी ‘मस्ट हॅव’ लिहिले असेल त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. आम्हीही तेच लिहिले होते. फक्त पुढचे पत्र टपालात टाकण्यापूर्वी प्रत्येक ‘मस्ट हॅव’पाशी थांबून स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हे मी पाहिले आहे, की ठरवले आहे?